गोवा विद्यापीठात शिकायला येताना: कागदपत्रं, खोली, बस, जेवण आणि अडीनडीची मदत

सकाळी ताळगावच्या पठारावर बसेस भरभरून येतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर त्याच बसेस मुलांना घेऊन खाली उतरतात. गोवा विद्यापीठात बाहेरून येणाऱ्या मुलांनी सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावं. गोवा लहान राज्य आहे. मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली इथली बरीचशी मुलं घरून ये-जा करतात. संध्याकाळी मागे उरतात ती वसतिगृहातली मुलं आणि आसपास खोली घेऊन राहणारी. सावंतवाडी, कुडाळ, कोल्हापूर, चंदगड, बेळगाव, खानापूर इथून येणारी आपली मराठी मुलं बहुतेक याच गटात असतात. वर्गातले तास सगळ्यांचे सारखेच जातात. तुमचं वर्ष कसं जाईल ते ठरतं संध्याकाळी सहानंतर, रविवारी आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत. मी स्वतः दोडामार्गची, इथेच शिकले. दर जूनला ओळखीपाळखीच्या मुलांचे फोन येतात आणि त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

जागेची कल्पना यावी म्हणून थोडंसं. विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं. आत्ताचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे, जांभ्या दगडाच्या पठारावर, खाली झुवारीचं मुख आणि पलीकडे मुरगाव बंदर. पणजीचं कदंब (गोवा सरकारची बससेवा) बसस्थानक साधारण सात-आठ किलोमीटरवर. एका बाजूला दोनापावल, दुसऱ्या बाजूला बांबोळी आणि तिथलं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं गोमेकॉ. परिसर रमणीय आहे यात शंका नाही, पण वस्तीपासून बाजूला आहे. दूध, भाजी, औषध यांसाठी खाली उतरावं लागतं. पुढचे सगळे निर्णय हे धरूनच घ्या.

पहिली पायरी: घरून निघण्याआधीचे कागद

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, निकाल लागल्या लागल्या मागवा. ते वेळेत न आल्यामुळे नोंदणी अडकलेली मुलं दर वर्षी दिसतात. सोबत महाविद्यालय सोडल्याचा दाखला, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही भरायचं असतं. ते ऑनलाइन होतं, घरूनच उरका. अपार किंवा एबीसी क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा ओळख क्रमांक, डिजिलॉकरमधून काढून ठेवा. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो आधी दुरुस्त करा. शिष्यवृत्ती अडते ती बहुधा तिथेच.

शिष्यवृत्तीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गोवा सरकारच्या योजना, मग ते गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज का असेना, गोव्याच्या रहिवाशांसाठी आहेत. त्यांसाठी इथे बरीच वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. तुम्ही सिंधुदुर्ग-कोल्हापूरचे असाल तर महाडीबीटी, बेळगाव-खानापूरचे असाल तर कर्नाटकचं एसएसपी पोर्टल आणि दोघांसाठीही केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. राज्याबाहेर शिकताना कोणती योजना चालते हे आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारा, कारण इथल्या खिडकीवर तुमच्या राज्याच्या नियमांचं उत्तर मिळणार नाही. बँक खातं आधारला जोडलेलं असू द्या.

कागदांची फाईल प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कपाटात अगदी खाली ठेवू नका. इथे पावसाचे चार महिने भिंती ओल धरतात. ऑगस्टमध्ये एकदा कपाट उघडून पाहा: कातडी पट्ट्यावर, चपलेच्या आतल्या बाजूला, सुटकेसच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते. गुणपत्रिकाही त्यातून सुटत नाहीत. आपल्याकडे कोकणात पाऊस असतोच, पण पठारावर वाऱ्यासकट आडवा येतो. छत्री उलटते, रेनकोट हवा.

दुसरी पायरी: राहायची जागा

प्रवेशाचा अर्ज आणि वसतिगृहाचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. विद्यापीठाच्या आवारात मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत, पण जागा मोजक्या. म्हणून प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भरा, पहिल्या यादीत नाव नसलं तर प्रतीक्षायादीत राहा, आणि आठवड्याने स्वतः कार्यालयात जाऊन विचारा. कोणीतरी दुसरीकडे प्रवेश घेतं, एखादी जागा सुटते, आणि ती समोर उभ्या असलेल्या मुलाला मिळायची शक्यता जास्त असते. अर्ज भरताना चार गोष्टी विचारून घ्या: मेसचा खर्च खोलीच्या शुल्कात आहे की वेगळा, रात्री परत यायची वेळ काय, सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, आणि स्थानिक पालक लागतो का. लागत असेल तर गोव्यातल्या नातेवाइकांना आधी कल्पना द्या. ऐनवेळी दूरच्या मावशीचं नाव लिहून दिलं आणि वॉर्डननी फोन केला की तिला काहीच ठाऊक नसतं, असं होऊ देऊ नका.

माझं स्पष्ट मत असं की पहिलं वर्ष शक्यतो वसतिगृहातच काढावं. खोली लहान असेल, मेसच्या जेवणाबद्दल कुरकुर होईल, पण संध्याकाळी माणसं भोवती असतात, आणि नवख्या गावात तेच मोठं.

जागा नाहीच मिळाली तर ताळगाव गाव, नागाळी, दोनापावल, ओडशेल, बांबोळी, सांताक्रुझ आणि पणजीकडचं करंझाळे, सांतिनेज इथे खोल्या पाहा. दोनापावल आणि करंझाळे समुद्राकाठचे, तिथे भाडी चढी. ताळगाव आणि सांताक्रुझमध्ये घरगुती खोल्या जास्त. खोल्यांची खबर विद्यापीठातल्या सूचनाफलकावर, वरच्या वर्गातल्या मुलांकडे आणि गावातल्या किराणा दुकानात मिळते. दलाल एका महिन्याचं भाडं मागतो, म्हणून आधी या तीन ठिकाणी विचारा.

खोली पाहायला दुपारी जाऊ नका, पाऊस पडत असताना जा. छताच्या कोपऱ्यात, खिडकीखाली आणि समुद्राकडच्या भिंतीवर हात लावून पाहा. ओल असेल तर ती ऑक्टोबरपर्यंत जाणार नाही. विजेचा मीटर वेगळा आहे की मालकाशी वाटून घ्यायचा? पाणी किती वाजता येतं, टाकी किती मोठी? खोलीच्या आत फोनला रेंज येते का? आणि मग बसथांब्यापासून खोलीपर्यंत एकदा रात्री आठला चालत या. दिवे आहेत का, मोकाट कुत्री किती, हे दिवसा कळत नाही. मुलींनी तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

अकरा महिन्यांचा लेखी करार घ्या. किनाऱ्याजवळच्या काही मालकांना ऑक्टोबर ते मार्च पर्यटक मिळतात, आणि तोंडी बोलणी असली की ऐन सत्रात ‘महिनाभरात खोली सोड’ असं ऐकावं लागतं. करारात डिपॉझिटची रक्कम, ते परत करायची मुदत आणि रंगरंगोटीचा खर्च कोणाचा हे लिहून घ्या. माझ्या एका मैत्रिणीचं निम्मं डिपॉझिट भिंतीवरच्या ओलीच्या डागांपायी कापलं गेलं, जे डाग ती येण्याआधीपासून होते. म्हणून सामान आत नेण्यापूर्वी सगळ्या भिंतींचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात देणं इथे बंधनकारक आहे. तो मालकाने द्यायचा असतो, पण दिला का हे तुम्ही विचारा आणि शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणूनही ती दाखवता येते.

स्वयंपाक करणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो.

तिसरी पायरी: ये-जा

मुंबई-रत्नागिरीकडून रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन सगळ्यात जवळचं. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही तिथे थांबतात. थिवीला उतरलात तर म्हापशावरून पणजी. बेळगावहून चोर्ला घाटाने, कोल्हापूरहून आंबोलीमार्गे बसेस पणजीच्या कदंब स्थानकापर्यंत येतात. जोराच्या पावसात घाटातली वाहतूक अडते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री घाट उतरायचा बेत करू नका. एक दिवस हाताशी ठेवा.

पणजी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये कदंबच्या बसेस आहेत, खासगी बसेसही आहेत. रोजची ये-जा असेल तर कदंबचा विद्यार्थी पास पहिल्याच आठवड्यात काढा. त्याला महाविद्यालयाचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड लागतं. पास कदंबच्या बसला चालतो, सगळ्याच खासगी बसेसना नाही. गर्दीच्या वेळी पहिली बस कोणाची येईल हे आपल्या हातात नसतं, तेव्हा खिशात सुटे पैसे ठेवा.

अडचण होते ती अंधार पडल्यावर. गोव्यात संध्याकाळी सात-साडेसातनंतर बसेस झपाट्याने कमी होतात, आणि पठारावर तर जास्तच. ओला-उबर इथे चालत नाहीत. गोवामाईल्स हे टॅक्सीचं ॲप चालतं, पण आडवेळेला गाडी मिळेलच असं नाही. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल दिसली तर ती पायलटची, म्हणजे भाडं घेऊन मागे बसवून नेणाऱ्याची. एकट्या माणसाला ही सोय फार उपयोगाची, परवानाधारक आणि स्वस्त. बसायच्या आधी भाडं ठरवा. दोन-चार पायलटांचे आणि एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर फोनमध्ये हवाच.

वर्षभरात बरीच मुलं शेवटी स्कूटर घेतात किंवा घरून आणतात. एमएच किंवा केए नंबरची गाडी आणलीत तर कागद पूर्ण ठेवा, बाहेरच्या नंबराच्या गाड्या इथे वारंवार तपासल्या जातात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवणार असाल तर कायद्याने नोंदणी गोव्यात करावी लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. भाड्याची गाडी घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते पाहा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी तुम्हीच अडकता. हेल्मेट घाला. पावसात पठारावरून ताळगावकडे उतरणारा रस्ता निसरडा होतो, तिथे ब्रेक जपून लावा.

चौथी पायरी: पोटाची सोय

दिवसा विद्यापीठाच्या कँटीनमध्ये भाजी-पाव, थाळी, चहा मिळतो. सकाळी आणि संध्याकाळी गावात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून पोई (कोंड्याचा गोल पाव) घेतलीत तर रात्रीच्या जेवणाची निम्मी सोय झाली. ताळगाव आणि सांताक्रुझमध्ये घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत. नाव-पत्ता वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा.

मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे तुम्ही येता तेव्हा मासळी महाग आणि थोडी. ऑगस्टपासून बरे दिवस येतात. शाकाहारी मुलांना पणजीत काही अडचण नाही, पठाराभोवती मात्र पर्याय कमी.

दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात आणि रविवारी तर अर्धी पणजी झोपलेली असते. शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवा.

पाचवी पायरी: मदत लागण्याआधी मदतीची जागा पाहून या

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच मुलं सोडून देतात. पहिल्या पंधरवड्यात एक सकाळ काढा आणि पायी फिरून ही ठिकाणं पाहून या: प्रशासकीय इमारतीतला विद्यार्थी विभाग, विद्यार्थी कल्याण विभाग, आरोग्य केंद्र, ग्रंथालय, आवारातली बँक आणि पोस्ट. विद्यापीठाचा पिनकोड ४०३२०६. घरच्यांना तो लिहून द्या म्हणजे पार्सल भरकटत नाही. ग्रंथालयाचं कार्ड तेव्हाच करून घ्या. इतिहास किंवा मराठी शिकणाऱ्यांना इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह तिथेच पाहता येतो, पोर्तुगीज काळावर काम करायचं तर हे घबाडच आहे. पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. मराठी पुस्तकं भरपूर आणि बसून अभ्यास करायला ऐसपैस जागा.

तब्येतीचं. किरकोळ तापाला आरोग्य केंद्र. त्यापुढचं काही असलं तर गोमेकॉ, जे परिसरापासून अगदी जवळ आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था आजही गोव्यातलं सगळ्यात मोठं सरकारी इस्पितळ आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जा, आधार सोबत ठेवा. २०१८ पासून बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना तिथे शुल्क भरावं लागतं, आणि गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य योजना पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांनाच मिळते. म्हणून घरच्या आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत आपल्याकडे हवी. तातडीची वेळ आली तर १०८. ही रुग्णवाहिका फुकट येते.

मनाचं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाऊस, वर्गात सगळ्यांचे जुने मित्र, संध्याकाळी पठार ओस. अशा वेळी घरची आठवण येऊन रडू फुटणं, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे अनेकांना होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर समुपदेशकांकडे जा. ही सोय विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि तिथलं बोलणं विभागात पोचत नाही. औषधोपचार लागलाच तर बांबोळीलाच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. रात्री-बेरात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. खोलीतला सोबती गप्प गप्प झाला असेल तर त्याच्यासाठीही तुम्ही फोन करू शकता.

रॅगिंग झालं, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, तर १८००-१८०-५५२२. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार तक्रार आल्यावर संस्थेला कारवाई करावीच लागते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे द्यायची. साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन फलकावर लावलेले असतात, त्यांचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. तसंच महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२.

निकालात चूक, शुल्काची पावती नाही, शिष्यवृत्ती अडली, मार्गदर्शक भेटत नाहीत, असल्या तक्रारी तोंडी सांगून काही होत नाही. एक पानी अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या. पुढच्या वेळी खिडकीवर गेलात की तोच नंबर सांगा. कारकून मंडळी वाईट नसतात, त्यांच्यासमोर ढीग असतो, आणि नंबर सांगितला की तुमचा कागद ढिगातून वर येतो. तरीही उत्तर आलं नाही तर तक्रार निवारण समिती, आणि त्यावर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला लोकपाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ही दोन्ही दारं विद्यार्थ्याला दिली आहेत.

सहावी पायरी: संध्याकाळ आणि रविवार

इथे मराठीला घर आहे, हे बाहेरून येणाऱ्यांना फार उशिरा कळतं. कांपालच्या कला अकादमीत, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात, मडगावच्या रवींद्र भवनात मराठी नाटकं होतात. आणि थंडीत देवळांच्या जत्रांना, कालोत्सवांना गावकरीच मराठी नाटक उभं करतात. दुकानदार, शिक्षक, पंचायतीतला शिपाई तोंडाला रंग लावून ऐतिहासिक नाटकातली लांबलचक वाक्यं पाठ म्हणत असतात, आणि अख्खा गाव खुर्च्या मांडून पहाटेपर्यंत बसलेला. वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘तुमच्या गावचं नाटक कधी?’ एवढंच विचारा, तो घेऊनच जाईल. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून गोव्यातच. विद्यार्थ्यांनी प्रतिनिधी म्हणून नोंदणी वेळेत करावी.

कोकणीबद्दल मात्र जपून. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद इथे १९६७ च्या जनमत कौलाआधीपासून घरोघरी झाला आहे, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही त्याच्या जखमा आहेत. कँटीनमध्ये बसून तो उकरून काढू नका. तुम्ही मराठीत बोला, समोरचा कोकणीत बोलेल, दोघांना सगळं समजतं. महिन्याभरात चार वाक्यं तुमच्याही तोंडी येतील, ती बिनधास्त वापरा, लोकांना बरं वाटतं.

समुद्र पायाशी आहे म्हणून जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरीही. इतर दिवसांत जीवरक्षक असतील तिथेच, आणि लाल बावटा असेल तर नाहीच. दारू पिण्याचं वय गोव्यात २१ आहे.

राहिली चवथ. गणेश चतुर्थीला गोवा सगळा आपापल्या गावी जातो. वसतिगृह ओस पडतं, मेस बहुधा बंद, पणजीचा बाजारही काही दिवस मंद. घरी जाणार असाल तर तिकीट महिनाभर आधी काढा. राहणार असाल तर चार दिवसांचं धान्य, दूध पावडर, औषधं भरून ठेवा आणि वॉर्डनना आपण मागे राहतोय हे लेखी कळवा. वर्गातलं कोणी ना कोणी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) पाहायला आणि जेवायला बोलावेलच. संकोच न करता जा, पण परत कसं यायचं ते त्याच्याशी आधीच ठरवा, कारण त्या दिवशी गावाकडच्या बसेस फार कमी असतात.